एस्तरबाईंची फुगडी

एस्तरबाई कसबे काळी चारमध्ये गायच्या. हे मी खात्रीनं सांगतो, कारण आमच्या मंडळीत पेटी मी वाजवायचो. बाकीच्या बायकांना ती पट्टी झेपत नसे, पुरुषांचं तर विचारूच नका. पण बाईंनी एकदा पहिली ओळ उचलली की उतारावर सायकल सोडावी तसे सगळे आपोआप मागून निघायचे.

आमची मंडळी म्हणजे हैदराबादेतले मराठी ख्रिस्ती लोक. जालना, परभणी, बीड, नांदेड इकडून कुणी रेल्वेत, कुणी दवाखान्यात, कुणी शाळेत नोकरीला आलेलं. मी विमा कचेरीत कारकून. स्वतःचं चर्च आम्हाला कधी बांधता आलं नाही. गौलीगुड्याच्या बस अड्ड्यामागं एक जुनं तेलुगू चर्च होतं. तिथं सकाळी तेलुगू लोकांची उपासना व्हायची आणि दुपारी चारला आमची. ते लोक डफ वाजवायचे, टाळ्या पिटायचे, प्रार्थनेत मोठ्यानं रडायचे नि हसायचे. आम्ही पोचायचो तेव्हा बाकंसुद्धा वाकडीतिकडी झालेली असायची. ती सरळ करून आम्ही बसायचो, बँकेत पासबुक घेऊन नंबरची वाट बघत बसतात तसे. गप्प, ताठ, इस्त्रीच्या कपड्यांत. देवासमोर असंच बसावं, अशी आमच्या मोठ्यांची शिकवण होती.

त्या ताठ मंडळीत जेवढा म्हणून आनंद उघड दिसायचा, तो एस्तरबाईंच्या गळ्यातून दिसायचा. गाताना त्या पुस्तकाकडे बघत नसत. डोळे छताच्या पंख्याकडे, उजवा हात पदरातून बाहेर, आणि चेहरा असा की आत्ताच कुणीतरी चांगली बातमी आणलीय.

घरीही तेच. काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. नवरा दानिएल पार्सल ऑफिसात होता. बाई जामबागेतल्या एका मराठी शाळेत पहिलीला शिकवायच्या, आणि पाढेसुद्धा चालीवर म्हणून घ्यायच्या. पहाटे दुधाच्या रांगेत त्यांचं गुणगुणणं चालू असे. दूधवाला एकदा म्हणाला, "क्या अम्मा, सुबह सुबह इत्ती खुशी कायकू?"

बाई म्हणाल्या, "हौ भई, आज बी उठी ना मैं!"

त्या साध्वीबिध्वी मुळीच नव्हत्या, हेही सांगायला हवं. राग नाकावर होता. आवाजाचा अभिमान तर चांगलाच होता. त्यांच्या मागच्या बाकावर इंदुताई पवार बसायच्या, मिशन दवाखान्यातल्या नर्स, अंगानं भरलेल्या, स्वभावानं घाबऱ्या. त्यांचा आवाज गोड, पण तालाला त्या नेहमी अर्धी मात्रा मागं. ते झालं की बाई गाता गाता मान वळवून एकदा बघायच्या. बोलायच्या काही नाहीत. पण त्या बघण्यानं इंदुताई पुढची दोन कडवी नुसते ओठ हलवायच्या. दोघी जालन्याच्या मिशन कंपाउंडात एकत्र वाढलेल्या, एका ताटात जेवलेल्या. तरी हे असं होतं.

त्र्याण्णव साली बाईंच्या गळ्याशी गाठ आली. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. डॉक्टरांनी सांगितलं, काढावी लागेल. आवाजाच्या शिरा अगदी जवळून जातात, क्वचित धक्का लागतो, हेही समजावून सांगितलं. बाईंनी एकच विचारलं, "गाता येईल ना?"

"बहुतेक येईल," डॉक्टर म्हणाले.

गाठ साधी निघाली. कॅन्सर नव्हता. दानिएलकाकांनी सगळ्या नातेवाइकांना कळवलं, पेढे वाटले. पण बाईंचा आवाज गेला. बंद खिडकीच्या फटीतून वारा यावा तसा नुसता श्वास उरला. स्वरयंत्राची एक बाजू हलत नव्हती. कधी कधी आपोआप सुधारतं, कधी नाही सुधारत, वाट बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुणाची चूक नव्हती. त्यामुळे रागवायलाही कुणी नव्हतं.

पहिलीच्या पोरांना कुजबुजून शिकवता येत नाही. तशीही शाळेची पटसंख्या घसरतच होती. मराठी घरांतली मुलंसुद्धा इंग्रजी शाळांत निघाली होती. बाईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. दानिएलकाका त्याच वर्षी रिटायर झाले. त्या दिवसांत हैदराबादेत गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उघडत होते. काकांनी धडपड करून परवाना मिळवला आणि रस्त्याकडची खोली त्यासाठी मोकळी केली. काचेची एक केबिन, आत फोन, बाहेर टेबल आणि बिल छापणारं लहानसं यंत्र. "तुला बोलायची गरजच नाही," काका म्हणाले. "आकडा यंत्र दाखवतं, चिठ्ठी यंत्र देतं. तू फक्त बस."

बाई बसल्या.

ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदा उपासनेला आल्या तो रविवार मला चांगला आठवतो. गळ्याला पांढरा रुमाल होता. सगळ्यांनी सलाम केला, बायकांनी जवळ घेतलं. पाळक प्रकाश साळवी तेव्हा नवे होते, वयानं माझ्याएवढेच. त्यांनी पहिलं गायन सांगितलं. मी सवयीनं काळी चार दाबली, भाता हलवला, सूर भरला. आणि कुणीच उचललं नाही. सगळे बाईंची वाट बघत होते. बाईंचे ओठ हलले. माझ्यापासून चार हातांवर त्या होत्या, पण मला फक्त हवा ऐकू आली. मग मागून इंदुताईंनी सुरुवात केली. दुसऱ्याच शब्दाला त्यांचा आवाज फाटला. मी पट्टी खाली घेतली, पुन्हा सुरू केलं, आणि कसंबसं ते गायन आम्ही शेवटाला नेलं. बाईंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं होतं.

त्यानंतर मंडळीत एक विचित्र गोष्ट झाली. बाईंच्या देखत मोठ्यानं गायला सगळ्यांनाच चोरट्यासारखं वाटायला लागलं. लंगड्यासमोर कुणी धावू नये, तसं. गायनं हळू झाली, रडकी झाली. बाईंना ते कळत होतं. त्या पुढचं बाक सोडून अगदी मागं, दाराशी बसायला लागल्या.

उपायही सुचवले गेले. जेठीमध, मध, वाफ. इंदुताईंनी तर आग्रह करून त्यांना आरोग्यप्रार्थनेच्या एका मोठ्या सभेला नेलं. मैदानावर हजारो माणसं, लाउडस्पीकर. मी नंतर विचारलं, "काय झालं बाई तिथं?"

"त्यांनी डोक्यावर हात ठेवला," बाई कुजबुजल्या. "हात चांगला गरम होता. बरं वाटलं."

"आणि आवाज?"

बाईंनी खांदे उडवले. "इंदू घरी येईपर्यंत रडत होती. मलाच तिला चहा करून द्यावा लागला."

आठवड्यातून एकदा तरी मी कचेरीतून परतताना बूथवर थांबायचो. भावाला नागपूरला फोन करायचा असे, पण खरं म्हणजे बाईंशी बोलायचं असे. एका शनिवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अनिल, इतकी वर्षं मी पोरांना सांगत आले, आनंद प्रभूकडून येतो. आता वाटतं, तो नुसता गळ्यातूनच येत होता की काय."

"असं का म्हणता बाई?"

"मग गेला कुठं? बघ ना. सकाळी उठते, दिवस बरा असतो, ह्यांची तब्येत ठीक, पोराचं पत्र आलेलं. आत काहीतरी वर येतं, आणि इथं येऊन," त्यांनी रुमालावर बोट ठेवलं, "अडकतं. दाराला बाहेरून कडी घातल्यासारखं. मग ते आतल्या आत आंबतं."

मी त्यांच्याबरोबर तांदूळ निवडत बसलो.

पुढं जे झालं ते मी स्वतः पाहिलं नाही, पण दानिएलकाकांनी आणि बाईंनी, दोघांनीही इतक्या वेळा सांगितलं आहे की पाहिल्यासारखंच आहे. स्टेशनसमोरच्या बेकरीत अंबाजी नावाचा एक माणूस भट्टीवर काम करायचा, देगलूरकडचा. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नव्हतं. बायको बाळंतपणाला गावी गेली होती. गावात फोन एकच, किराणा दुकानात. अंबाजी रोज संध्याकाळी यायचा, फोन लावायचा, दुकानदार म्हणायचा "अजून काही नाही", आणि हा पडल्या चेहऱ्यानं जायचा. त्या दिवशी पाठच्या गल्लीत लग्नाची वरात होती. बँडच्या आवाजात ऐकू येईना म्हणून अंबाजीनं केबिनचं दार आतून गच्च ओढून घेतलं.

बाई टेबलाशी बसून काचेतून बघत होत्या. अंबाजी फोन कानाला लावून उभा राहिला. मग त्यानं डोळे मिटले. मग कपाळ काचेवर टेकवलं. मग फोन जागेवर ठेवायचाही विसरून त्यानं दोन्ही हात वर केले आणि त्या एवढ्याशा केबिनमध्ये उड्या मारायला लागला. वर डोकं आपटलं, तरी थांबेना. जागेवर गिरक्या घेत होता, मांड्यांवर थापा मारत होता, तोंड उघडं होतं, बहुतेक ओरडत असावा. पण बाहेर काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. काचेपलीकडे नुसता आनंद चालला होता, मुका.

बाई उठून उभ्या राहिल्या. काका म्हणतात, ती तांदळाचं सूप हातात घेऊन उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

अंबाजी बाहेर आला, घामानं भिजलेला. "मावशी, पोरगी झाली!"

बाईंना त्याला काहीतरी म्हणायचं होतं. आवाज नव्हता. टेबलावर काकांच्या सायकलची घंटी पडली होती, दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली. बाईंनी ती उचलली आणि ट्रिंग ट्रिंग करत वाजवली, वाजवतच राहिल्या. अंबाजी हसायला लागला, काका हसायला लागले. दुसऱ्या दिवशी अंबाजीनं बेकरीतून दिलखुशचा पुडा आणून दिला, खोबऱ्याचं सारण भरलेला तो गोड पाव. तो खाताना बाई काकांना म्हणाल्या, "अहो, त्याचा आवाज मला कुठं ऐकू आला? तरी सगळं कळलं की."

त्या दिवसापासून बूथवर ती घंटी टेबलाला स्क्रूनं बसवली गेली. कुणाला चांगली बातमी मिळाली आणि तो केबिनमधून हसत बाहेर आला, की बाई घंटी वाजवायच्या. नोकरी लागली, ट्रिंग. गावाकडं पाऊस झाला, ट्रिंग. आसपासच्या लोकांना सवयच झाली. घंटी ऐकली की पानवाला तिकडून ओरडायचा, "मुबारक, जो बी है!" आणि वाईट बातमी घेऊन कुणी बाहेर आलं, तर बाई त्याच्याकडे पंख्याचं तोंड वळवायच्या, पाण्याचा ग्लास द्यायच्या आणि शेजारी बसून राहायच्या. तिथंही त्यांना बोलावं लागत नव्हतं.

त्या बघत राहिल्या. काचेतून माणसं त्यांना रोज दिसत होती. फोनला मुका घेणारी म्हातारी, आईचा आवाज ऐकून बुटाची टाच जमिनीवर घासत राहणारा कॉलेजचा पोरगा, बोलता बोलता पदर बोटाला गुंडाळून सोडणारी, पुन्हा गुंडाळणारी नवी नवरी. घरात काम करताना बाईंचे हात हलायला लागले. कणीक मळताना परातीवर ठेका. कपडे वाळत घालताना पावलं. काकांनी एकदा बघितलं तर बाई मोरीपासून चुलीपर्यंत जाता जाता स्वतःभोवती एक गिरकी घेऊन गेल्या. "मी काही बोललो नाही," काका मला म्हणाले. "म्हटलं, बोललो तर थांबेल."

नोव्हेंबरात आमच्याकडे कापणीचा सण असतो. शेत आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं. पण मोझमजाही मार्केटातून आणलेले भोपळे, केळी, ऊस वेदीपुढं रचायचे आणि वर्षभराबद्दल देवाचे उपकार मानायचे, हे गावाकडून आलेलं, चालू होतं. त्या उपासनेत ज्याला वाटेल तो उभा राहून दोन शब्द बोलतो. कुणी मुलाच्या पास होण्याबद्दल, कुणी आजारातून उठल्याबद्दल. एस्तरबाई बोलत नसत, दरवर्षी एक गायन म्हणत.

चौऱ्याण्णवच्या त्या सणाला सगळ्यांचं बोलून झालं. पाळक विचारत होते, "आणखी कुणी?" आणि दाराजवळच्या बाकावरून बाई उठल्या.

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. मला वाटलं, आता ह्या कुजबुजणार, कुणाला ऐकू जाणार नाही, आणि सगळे माना खाली घालणार. बाईंनी चपला बाकाखाली सरकवल्या. अनवाणी मधल्या वाटेनं पुढं आल्या. पण वेदीपर्यंत गेल्या नाहीत. दुसऱ्या ओळीशी थांबल्या, जिथं इंदुताई बसल्या होत्या, आणि दोन्ही हात पुढं केले. एकावर एक, तिढा घालून.

इंदुताईंनी त्या हातांकडे बघितलं. "एस्तर," त्या हळूच म्हणाल्या, "वेड लागलं का गं? इथं?"

बाईंनी मान हलवली. हो म्हणून.

"मिससाहेब झोपल्यात का?" इंदुताईंनी विचारलं. आम्हाला कुणालाच काही कळलं नाही. नंतर समजलं, जालन्याला लहानपणी गोऱ्या मिशनरीण बाई दुपारी झोपल्या की ह्या दोघी चिंचेखाली फुगडी घालायच्या. फुगडी, झिम्मा हे सगळं तिथं बंद होतं.

बाईंना हसू फुटलं, बिनआवाजाचं. इंदुताई उठल्या. त्यांनी चष्मा काढून माझ्या पेटीवर ठेवला. दोघींनी हात धरले, पावलं जुळवली, अंग मागं टाकलं आणि भोपळ्यांच्या राशीपुढच्या मोकळ्या जागेत फुगडी सुरू झाली.

पन्नाशीच्या दोन बायका. एक काटकुळी, एक भरलेली. आधी हळू, तोल सांभाळत. मग वेग आला. पदर उडायला लागले, इंदुताईंचा अंबाडा सुटला. आणि मग बाईंच्या तोंडून तो आवाज यायला लागला, फुगडीत बायका पकवा धरतात तो. फू, फू, फू, पावलाच्या ठेक्यावर. त्याला गळा लागत नाही. त्याला नुसता श्वास लागतो. बाईंकडे तेवढाच उरला होता, आणि तो आख्ख्या चर्चमध्ये घुमत होता. मी न ठरवता पेटीच्या लाकडावर ठेका धरला. मागून कुणीतरी टाळी उचलली. मुली हसत होत्या. इंदुताई ओरडल्या, "पडेन गं, पडेन!" पण ताल मात्र त्यांचा एकदाही चुकला नाही.

"पुरे!"

पुढच्या बाकावरून उत्तमराव शिरसाट काठी टेकत उभे राहिले होते. आमच्या पंचांतले सगळ्यात ज्येष्ठ, रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, पांढरा कोट, पांढऱ्या मिशा. "हे देवाचं घर आहे. इथं हे चालणार नाही."

दोघी थांबल्या. इंदुताईंनी घाईघाईनं केस बांधले. बाई धापा टाकत उभ्या राहिल्या. त्यांनी उत्तमरावांना हात जोडले आणि जाऊन बसल्या, दाराशी नाही, पुढच्या बाकावर. पाळकांनी आशीर्वाद देऊन उपासना संपवली.

पुढच्या रविवारी उपासनेआधी पंचांची बैठक झाली. बाईंना बोलावलं होतं. इंदुताई न बोलावता आल्या. मी मंडळीचा चिटणीस म्हणून होतो. पाळक म्हणाले, "शास्त्रात दाखले दोन्ही बाजूंचे आहेत. मला आधी दादांचं म्हणणं ऐकायचंय." उत्तमरावांना सगळे दादाच म्हणत.

उत्तमराव चिडून बोलतील असं मला वाटलं होतं. ते तसं बोलले नाहीत. काठीच्या मुठीकडे बघत म्हणाले, "माझी आजी गावच्या वरातीत पुढं नाचायची. आवड म्हणून नाही. पाटलाच्या घरचं लग्न असलं की आमच्या वस्तीतल्या बायांनी पुढं नाचायचं, असा रिवाज होता. लोक वरून पैसे फेकायचे. हसायचे. आजीनं बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी पायातले चाळ विहिरीत टाकले. म्हणाली, आता मी देवाच्या घरात खुर्चीवर बसणार, ताठ बसणार. आम्ही ताठ बसतो ते गर्वानं नाही. आम्हाला कुणी बसू देत नव्हतं, म्हणून बसतो." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "काल, म्हणजे त्या दिवशी, तुम्ही दोघी फिरत होता, आणि मला तीच दिसली."

खिडकीतून बस अड्ड्यावरच्या कंडक्टरांची ओरड येत होती.

बाई खुर्ची सरकवून त्यांच्याजवळ बसल्या, कारण त्यांची कुजबुज लांब ऐकू गेली नसती. मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं.

"दादा," त्या म्हणाल्या, "आजीला नाचवत होते. मला कुणी नाचवलं नाही."

उत्तमरावांनी काठीवरून नजर उचलली.

"माझा गळा गेला तेव्हा वाटलं, माझ्याकडे द्यायला काही राहिलंच नाही. त्या दिवशी हात दिसले, पाय दिसले. तेवढंच घेऊन पुढं आले. तुम्हाला दुखलं, त्याची मला माफी द्या. नाचल्याची मागत नाही."

"बाई," उत्तमराव म्हणाले, "माझ्यानं ते वेदीपुढं बघवणार नाही. म्हातारा झालोय मी आता. माझ्यानंतर करा."

"तुमच्यानंतरपर्यंत माझे गुडघे राहायचे नाहीत," बाई म्हणाल्या.

आधी इंदुताई हसल्या. मग पाळक. उत्तमरावांच्या मिशा हलल्या, पण ते हसले असं मी म्हणणार नाही. ठराव असा झाला की उपासनेच्या वेळात फुगडी नाही. उपासना संपल्यावर चर्चच्या अंगणात कुणाला आनंद करायचा असेल तर पंचांची हरकत नाही. मी तो तसाच लिहिला, 'आनंद करायचा असेल तर'. पाळकांनी वाचून सही केली.

मग दर रविवारी आशीर्वाद झाला की अंगणात, कडुलिंबाखाली, बायका जमायच्या. आधी चारदोनच. मग आमच्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुली आल्या. या मुलींना मराठी नीट वाचता येत नव्हतं, गायनं त्या इंग्रजी अक्षरांत लिहून आणायच्या आणि अर्धी चुकीची म्हणायच्या. फुगडीला वाचावं लागत नाही. तेलुगू चर्चच्या राखणदाराची बायको आधी पायरीवर बसून बघायची, एक दिवस चप्पल काढून अंगणात उतरली. बाईंना कुणाबरोबरही फिरता यायचं. इंदुताईंची मात्र एक अट असे, "पहिली फुगडी माझ्याबरोबर."

आणि एक झालं. मंडळीचं गायन सुधारलं. बाईंच्या देखत गाताना लोकांना आता चोरी वाटत नव्हती. आत मोकळेपणानं गायचे, बाहेर जाऊन फिरायचे. इंदुताई सुरुवात करून द्यायच्या, पांढरी दोनमध्ये, आणि बाई त्यांच्या पुढच्या बाकावर हात वर करून मात्रा दाखवत बसायच्या. अर्धी मात्रा मागं राहिली की बाईंचं बोट हवेत थांबायचं. मान मात्र वळायची नाही.

शहाण्णवच्या सुमारास बाईंचा आवाज थोडा परत आला. तोही असा की आम्ही सगळे दचकलो. जाडा, खरखरीत, पुरुषासारखा. काळी चार तर सोडाच, बायकांच्या कुठल्याच पट्टीत तो बसेना. बाईंनी मला पेटीवर एकेक सूर दाबायला लावला, आणि खाली खाली जात पांढरी एकवर येऊन थांबल्या. "हं," बाई त्या नव्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "ही. आता पुरुषांत बसते."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण पुढच्या रविवारी त्या खरंच उजव्या बाजूला, पुरुषांच्या बाकांकडे आल्या. आमच्याकडे अजूनही बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. सगळे बघायला लागले. पहिल्या बाकावर उत्तमराव एकटेच होते, शेजारी काठी आडवी ठेवलेली. त्यांनी बाईंकडे बघितलं, काठी उचलून पायांशी घेतली आणि थोडे सरकले.

मी सूर भरला. बाई गायला लागल्या, सुरात कमी आणि जोरात जास्त, डोळे पंख्याकडे.

"जरा हळू," उत्तमराव म्हणाले. "ह्या कानानं अजून ऐकू येतं मला."

बाई तशाच गात राहिल्या. दुसऱ्या कडव्याला उत्तमरावांनी आपलं पुस्तक उघडलं.